आधी नकाशा घ्यावा की पृथ्वीगोल?

तिसरी-चौथीतल्या मुलासाठी भूगोलाची एकच वस्तू घ्यायची म्हटली, की बहुतेक पालक पृथ्वीगोल उचलतात. मुलांना तो आवडतोही. पण मी आधी महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा रंगांनी दाखवणारा नकाशा, घ्यायला सांगेन.

हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ४२५ किलोमीटर. पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र त्यावर जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. मग आपलं गाव, आपली नदी, आजोळी जाताना लागणारा घाट मुलाने शोधायचा कुठे? या वयात भूगोल सुरू होतो तो तिथूनच.

नकाशावर गोदावरी बोटाने गिरवायला सांगा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत, तरी ही नदी त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. असं का, हे मूल आपणहून विचारतं. उत्तर तिथेच रंगांत दिसतं: पश्चिमेला सह्याद्रीचा तपकिरी पट्टा आणि पूर्वेकडे उतरत गेलेलं पठार.

या रंगांनी एक घोटाळा मात्र हमखास होतो. हिरवा म्हणजे जंगल, असं मुलं धरून चालतात. तो सखल जमिनीचा रंग आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. सह्याद्रीतलं दाट रानही या नकाशावर तपकिरीच असतं. दुसरा घोटाळा भिंतीमुळे होतो: ‘उत्तर म्हणजे वर’. म्हणून सुरुवातीला नकाशा जमिनीवर अंथरा, त्याची पूर्व सूर्य उगवतो त्या बाजूला करा आणि मुलाला त्याच्याभोवती बसू द्या.

पृथ्वीगोलाशिवाय भागत नाही ते दिवस-रात्र आणि ऋतू शिकवताना. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड पाडून गोल फिरवला, की पाच मिनिटांत जे कळतं ते सपाट कागदावर तासभर समजावूनही कळत नाही. आपलं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गोलावर पाहून झालं, की अंगणात काठी रोवून बघा.

जगातल्या देशांचे आकारही गोलावरच खरे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि ग्रीनलंड भारताहूनही लहान.

गोल घेताना आस २३.५ अंशांनी कललेला आहे ना आणि भारताच्या सीमा बरोबर आहेत ना, हे तपासा. हाताला लागणाऱ्या उंच डोंगरांसाठी जास्त पैसे देऊ नका. ३० सेंटिमीटरच्या गोलावर एव्हरेस्टची खरी उंची ०.२ मिलिमीटरच भरेल.

मोबाइलवरची उपग्रहचित्रं मोठ्या माणसासोबत बसून पाहावीत. लोणारचं गोल विवर किंवा पैठणचा नाथसागर त्यावर फार सुंदर दिसतो. पण या वयाच्या मुलाचं बोट पुढच्या क्षणी भलतीकडेच सरकतं.

नकाशा लॅमिनेट करून घ्या, म्हणजे नद्या स्केचपेनने गिरवून ओल्या फडक्याने पुसता येतील.