पिल्लासाठी घडीचा पिंजरा : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

दिवाळीनंतर आमच्या जुळे सोलापुरातील घरी कारवानी जातीच्या कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू आले आणि त्याला शू-शीची सवय लावणे सोपे जावे म्हणून त्याच आठवड्यात तारेच्या जाळीचा, घडी घालता येणारा ४२ इंची पिंजरा मागवला. जाळी, कड्या आणि दोन्ही दारे आजही शाबूत आहेत. तळाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

कारवानी कुत्रा पूर्ण वाढल्यावर चांगलाच उंच होतो, म्हणून मोठे माप घेणे भाग होते. परंतु एवढी जागा लहान पिल्लाला दिली, तर ते एका कोपऱ्यात शू करते आणि दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपते. कुत्रा आपली झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही, या एकाच स्वभावावर पिंजऱ्याचा सारा उपयोग अवलंबून आहे. त्यामुळे सोबत येणारी मधली सरकती जाळी हा या वस्तूचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल इतकीच जागा ठेवायची आणि ते वाढेल तशी जाळी मागे सरकवायची. ही जाळी नसलेला पिंजरा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पिंजरा पाहून सासूबाईंनी 'एवढ्याशा जिवाला कशाला कैद करता?' असे विचारले आणि पहिल्या दिवशीच दार लावले असते, तर त्यांचेच म्हणणे खरे ठरले असते. आम्ही आरंभी दार उघडेच ठेवून जेवणाचे भांडे आत ठेवत गेलो, मग खाताना क्षणभर दार लावले आणि पिल्लू स्वतःहून आत जाऊन झोपू लागल्यावरच ही वेळ वाढवली. शिक्षा म्हणून त्याला आत कधीही कोंडले नाही. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढून ठेवणे आवश्यक आहे, कारण तो जाळीत अडकल्यास फास बसू शकतो.

मात्र शू-शीची सवय पिंजरा लावत नाही. ती वेळापत्रकाने लागते. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर पाऊण तासाच्या आत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लाला अंगणातील ठरलेल्या जागी न्यायचे आणि काम होताच, तिथेच, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. घरात येऊन दिलेले बक्षीस घरात येण्याचे ठरते, शू केल्याचे नव्हे. वयाच्या महिन्यांत एक मिळवला तर साधारण तितके तास पिल्लू दिवसा धरून ठेवू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. ती कमाल मर्यादा समजावी. रात्री पिंजरा आमच्या पलंगाशेजारीच असे, त्यामुळे कुरकुर लगेच ऐकू यायची. तेव्हा दिवा न लावता, न बोलता बाहेर नेऊन आणायचे. तिथे लाड सुरू झाले की पिल्लू खेळण्यासाठी उठवू लागते. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते रात्रभर झोपू लागले. लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेले नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि आमच्या गल्लीत मोकाट कुत्र्यांची वर्दळ मोठी आहे.

आमच्या शहाबादी फरशीत शू मुरते. फिनाईलने माणसाला वास येईनासा होतो, पण कुत्र्याला येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच बसते. शूचा वास मुळातून घालवणारे एन्झाइमयुक्त द्रावण ओतून काही वेळ ओले ठेवल्यावरच तो प्रकार थांबला. शेजाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे पिल्लाचे नाक शूमध्ये घासण्याचा उपाय आम्ही केला नाही. त्यातून पिल्लू फक्त माणसांपासून लपून शू करायला शिकते.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री पिंजऱ्यावर तीन बाजूंनी सोलापुरी चादर टाकली. आवाज थांबला नाही, पण पिल्लू थरथरत पलंगाखाली न जाता आपल्या जागी पडून राहिले. सोलापुरी टॉवेलच्या घड्या अंथरूण म्हणूनही उत्तम ठरल्या. या जातीची कातडी पातळ आणि हाडे वर आलेली असतात, त्यामुळे उघड्या ट्रेवर कोपरे घासतात. शिवाय टॉवेल लवकर वाळतात, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात धुण्याचा विचार करावाच लागतो.

मार्चनंतर पिंजऱ्याविषयीचे माझे मत बदलले. पारा ४० अंशांच्या वर गेला की दुपारी ती जागा उपयोगाची राहत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो आणि गार फरशी शोधत फिरतो. पिंजऱ्यात त्याला जागा बदलता येत नाही, त्यात वीज गेली तर पंखाही बंद. म्हणून उन्हाळाभर दुपारी दार काढूनच ठेवले आणि रात्रीची सवय तेवढी चालू ठेवली. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडण्याचा सल्लाही मिळाला होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो धोकादायक आहे. ट्रेला तडा गेला तो दातांनी कडा कुरतडल्यामुळे. आता त्याजागी प्लायवूडचा तुकडा कापून, वर रेक्झिन ठोकून बसवला आहे.

घरात दिवसभर कोणीतरी असेल आणि पहिले दोन-तीन महिने रात्री उठण्याची तयारी असेल, तर हा पिंजरा पैसे वसूल करून देतो. दोघेही सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणार असतील, तर पिल्लाला तितका वेळ आत ठेवणे म्हणजे त्याला अंथरुणातच शू करायला भाग पाडणे होय. अशा घरांनी एक खोली मोकळी करून दाराला आडवी जाळी लावावी आणि दुपारी येऊन पिल्लाला बाहेर काढणारे विश्वासाचे माणूस आधी शोधावे.