अवकाश उद्योगातील विक्रीचे धडे : पवईतील एक अभ्यासवर्ग

अवकाश उद्योगात ‘बिझनेस डेव्हलपमेंट’चे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पवईतील एका खासगी संस्थेने शनिवार-रविवारचा अभ्यासवर्ग भरवला होता, त्याविषयी हा अभिप्राय आहे. काही उणिवाही नोंदवायच्या असल्याने संस्थेचे नाव देत नाही. जाहिरातीवर चांद्रयानाचे चित्र होते. वर्गात मात्र बहुतेक वेळ निविदा, बयाणा रक्कम आणि कागदपत्रे यांवरच गेला, आणि औद्योगिक व्हॉल्व्हच्या विक्रीतून आलेल्या माझ्यासारख्याला नेमके तेच हवे होते.

सर्वांत उत्तम तास गुणवत्तेच्या कागदपत्रांवरचा होता. प्रशिक्षकांनी टेबलावर बोटभर लांबीचा टायटॅनियमचा बोल्ट ठेवला आणि त्याच्या शेजारी त्याची जाडजूड फाईल उघडली : कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू कोणत्या ओतणीतला हे सांगणारा क्रमांक), उष्णताप्रक्रियेचा आलेख, अल्ट्रासॉनिक तपासणीचा अहवाल आणि पानापानावर तपासनिसाची सही. वसईतला एखादा कारखानदार तसाच बोल्ट निम्म्या दरात बनवू शकेल, पण ही फाईल त्याच्याकडे नसते, आणि दराची बोलणी तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्याहून मोठी अडचण उड्डाणाच्या अनुभवाची असते. जे उपकरण अवकाशात जाऊन आलेले नाही ते कोणी घेत नाही, आणि कोणी घेतल्याशिवाय ते अवकाशात जात नाही. यावरचा एक मार्ग येथे नीट समजावला गेला : मुख्य मोहीम संपल्यावर इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचा चौथा टप्पा ‘पोएम’ या नावाने कक्षेतच चाचणीमंच म्हणून वापरला जातो, आणि 2022 च्या सी-53 मोहिमेत खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेच्या मान्यतेने दिगंतरा व ध्रुव स्पेस या नवउद्योगांची उपकरणे त्यावरूनच गेली. विक्रेत्याने ग्राहकाआधी अशी जागा मिळवण्यामागे लागावे, हा सल्ला मला पटला.

ग्राहक नेमका कोण, यावरील चर्चाही मोलाची होती. एनएसआयएल या अवकाश विभागाच्या व्यापारी कंपनीने 2022 मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचे काम एचएएल आणि एल अँड टी यांच्या संयुक्त गटाकडे दिले. विक्रोळीतील गोदरेज तर प्रक्षेपकांत लागणारी ‘विकास’ इंजिने बनवत आलेली आहे. त्यामुळे लहान पुरवठादाराने प्रत्येक वेळी इस्रोचेच दार ठोठावण्यापेक्षा या मोठ्या उद्योगांच्या खरेदी विभागांत ओळख वाढवावी, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. मुंबईत राहणाऱ्याला ही गोष्ट तुलनेने सोपी आहे, कारण यांतले काही दरवाजे लोकलच्या अंतरावर आहेत.

परकीय गुंतवणुकीवरील तासाने मात्र निराशा केली. स्लाइड जुन्या होत्या आणि उपग्रहांतील गुंतवणुकीला सरसकट सरकारी मंजुरी लागते असे त्यांवर लिहिलेले होते. प्रत्यक्षात 2024 पासून सुट्या भागांच्या व उपप्रणालींच्या निर्मितीत 100 टक्के, उपग्रहांच्या निर्मितीत व संचालनात 74 टक्के आणि प्रक्षेपकांत 49 टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय, येऊ शकते. ज्याला गुंतवणूकदारासमोर बसायचे आहे त्याच्यासाठी ही चूक क्षुल्लक नव्हे. निर्यात परवान्यांचा, म्हणजे ज्या वस्तू परवान्याशिवाय निर्यात करता येत नाहीत त्यांच्या ‘स्कोमेट’ यादीचा विषय दुसऱ्या दिवशी अगदी शेवटी घाईघाईत उरकला गेला. परदेशी ग्राहकाशी बोलताना माल कधी पोहोचेल हे बरेचदा त्या परवान्यावरच अवलंबून असते, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र तास हवा होता. स्पेसएक्स ही अमेरिकी कंपनी सहप्रवासी (एकाच प्रक्षेपकातून इतरांबरोबर जाणाऱ्या) उपग्रहांचे दर संकेतस्थळावर उघड मांडते, मग आपल्याकडच्या दराची मांडणी कशी करावी, या प्रश्नाला तर बगलच देण्यात आली.

जेवण ठीक होते, वातानुकूलन अंमळ जास्तच.

विक्रीचा काही वर्षांचा अनुभव असलेल्या अभियंत्यांनी शुल्क भरून यावे, असा हा वर्ग आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना निविदेची भाषाच परकी वाटेल. माझ्या शेजारचे दोन विद्यार्थी दुपारनंतर आलेच नाहीत. शुल्क कंपनीकडून परत मिळवायचे असेल तर नोंदणीच्या वेळीच कंपनीचा जीएसटी क्रमांक द्यावा, कारण बिलावरील नाव नंतर बदलून घेण्यासाठी संस्थेच्या कार्यालयाला वारंवार फोन करावे लागतात.