साडेआठशेची मगर

इन्स्टाग्रामवरून ‘क्रोकोडाइल फर्न’ मागवणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी माझी फजिती वाचा.

जूनमध्ये फोटो बघितला आणि भुलले. पट्ट्यासारखं लांब पान, त्यावर गडद शिरांची अशी जाळी की मगरीची पाठच. हा मलाया, इंडोनेशिया, न्यू गिनीकडच्या रानात झाडांवर वाढणारा नेचा. शास्त्रीय नाव मायक्रोसोरम म्युसिफोलियम, म्हणजे केळीसारख्या पानांचा. एवढं सगळं वाचून काढलं, पण विकणाऱ्याकडे त्याच कुंडीचा व्हिडिओ मागायचं काही सुचलं नाही. साडेआठशे रुपये फोनपेवर आगाऊ दिले.

टिळकवाडीत पार्सल आलं. तपकिरी, केसाळ खोड, त्याला कुठल्याशा झाडाच्या सालीचा तुकडा चिकटलेला, आणि तळहाताएवढी दोन पानं. कडा कातरलेल्या, पण शिरांची जाळी ठसठशीत. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “बाळ आहे ताई, मोठं झालं की मगर दिसेल.” जाळी बघून मीही मान डोलावली. महिन्याभरात दोन्ही पानं वाळून कागदासारखी झाली. त्याचं उत्तर, “पाणी जास्त घातलंत.” बेळगावच्या जुलैत पाणी कमी करायचं म्हणजे कुंडी घरातच घ्यायची. तीही घेतली.

श्रावणात जांबोटीची आत्या आली. तोवर मधून हातभर पान निघालं होतं, पण झावळीसारखं चिरलेलं. आत्या लांबूनच म्हणाली, “हे बाशिंग की गं! आमच्या फणसावर ढीगभर आहे. विकत आणलंस?” किंमत मी दीडशे सांगितली. तेवढ्यावरही तिनं कपाळावर हात मारला.

बाशिंग हाही झाडांवर वाढणारा नेचाच, पण त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. बुडाशी आखूड, पालापाचोळा अडवणारी, वाळली तरी न गळणारी. आणि वर लांब, चिरलेली. मला नेमकी बुडाची पानं लागलेला तुकडा पाठवला, आणि तो चुकून पाठवला असं मला वाटत नाही. मगरीच्या नेच्याचं पान लहान असलं तरी सहसा अखंडच असतं. कातरलेली कडा आणि ती साल बघून पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती.

पैसे परत मागितले तर त्यानं मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. बाशिंग अंगणातल्या आंब्याला बांधलंय, तिथं ते मजेत आहे.

काल मैत्रिणीच्या फोनवर त्याची नवी जाहिरात दिसली. फोटो तोच, “शेवटच्या पाच कुंड्या”, किंमत अकराशे.