पतअहवाल आणि त्यात न येणारी ओळ

आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या भारतात चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. बोलण्यात आपण चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतो. या प्रत्येक कंपनीने ग्राहकाला वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. बहुतेक जण नवे कर्ज काढण्यापूर्वी आपला स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुणांक, पाहण्यासाठी हा अहवाल उघडतात. मी तो तीन वर्षे पत्नीपासून लपवलेले कर्ज तिला सांगण्यासाठी काढला. त्यापूर्वी दोनदा तोंडी सांगायला बसलो होतो आणि दोन्ही वेळा खरा आकडा ओठांवर येईपर्यंत निम्मा झाला होता. या कामासाठी अहवाल कितपत उपयोगी पडतो, याविषयी हे परीक्षण आहे.

पॅन क्रमांक, मोबाइल आणि त्यावर येणारा ओटीपी एवढ्यावर काही मिनिटांत अहवाल हाती येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये. ज्या कंपनीचा अहवाल मी काढला तिचे नाव देत नाही, पण तिच्या संकेतस्थळावर मोफत अहवालाची जागा सशुल्क योजनांच्या जाहिरातींखाली शोधावी लागली, ही गोष्ट मला खटकली. कर्जात बुडालेला माणूस आधीच बिचकलेला असतो. त्याच्यासमोर पहिल्यांदा पैसे भरण्याचे बटण येणे योग्य नाही. दुसरी उणीव भाषेची आहे. अहवाल इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेला होता, त्यामुळे घरातील दुसऱ्या माणसाला तो आपल्याआपण वाचता येईलच असे नाही.

मात्र आतील मजकूर माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी स्पष्ट निघाला. प्रत्येक कर्ज कधी घेतले, किती मंजूर झाले, आज किती बाकी आहे आणि किती थकले आहे, हे खातेनिहाय दिलेले असते. आपण कोणाला जामीन राहिलो असलो तर तेही कर्ज त्यात दिसते. त्याखाली महिनावार चौकटी असतात आणि त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, तो आकडा प्रत्येक चौकटीत लिहिलेला असतो.

रविवारी दुपारी मुलगी क्लासला गेल्यावर मी छापील प्रत स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवली. पत्नीने चष्मा लावला आणि क्रेडिट कार्डाच्या खात्यावरील चौकटींवरून बोट फिरवत नेले. एका ऑगस्टच्या चौकटीत ०३२ होते. तेथे बोट थांबवून ती म्हणाली, “म्हणजे गणपतीत तुम्ही पगार लांबलाय म्हणाला होतात, तेव्हाचं हे.” मी होय म्हणालो. कागद समोर नसता तर तेव्हाही मी दुसरे काही तरी सांगितले असते, हे मला मान्य करावे लागेल. कार्डावर ८०,००० रुपये, वैयक्तिक कर्जाचे १,४०,००० आणि मोबाइल ॲपवरून घेतलेले २२,००० अशी एकूण २,४२,००० रुपयांची बेरीज तिने वहीत केली, वही मिटली नाही, आणि विचारले, “आणखी काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा.”

या सेवेची खरी मर्यादा येथे लक्षात आली. हातउसने पैसे, भिशी, सावकाराकडील रक्कम यांची नोंद पतअहवालात नसते. मी तिच्या सख्ख्या भावाकडून, तिला सांगू नकोस असे विनवून, ६०,००० रुपये घेतले होते. अहवालाच्या कुठल्याच पानावर ही ओळ नव्हती, आणि सांगायला सर्वांत जड तीच होती. ती मला माझ्या तोंडानेच सांगावी लागली. त्यानंतर पत्नी बराच वेळ बोलली नाही. रकमेपेक्षा दादाला ठाऊक होते आणि आपल्याला नव्हते, याचे तिला अधिक लागले होते.

परतफेडीची आखणी मात्र याच कागदांवरून झाली. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे ८०,००० रुपयांवर २,८०० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ५०४ रुपये लागत होते. किमान देय म्हणून मी ४,००० रुपये भरत होतो, त्यातून मुद्दल जेमतेम ७०० रुपयांनी फिटत होते. हे गणित तिने दोन मिनिटांत मांडले. कार्यालयातील पतसंस्थेकडून अकरा टक्के दराने कर्ज घेऊन आम्ही कार्ड पूर्ण फेडले, आवर्ती ठेव मोडून ॲपचे कर्ज बंद केले आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता तसाच चालू ठेवला. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटवण्याचा पर्याय ॲपकडून आला होता, पण तसे केल्यास अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेले, असा शेरा पडतो, म्हणून आम्ही तो घेतला नाही.

फेडून झालेले दुचाकीचे कर्ज अहवालात चालू दिसत होते. त्याची तक्रार ऑनलाइन केली आणि ती एकोणीस दिवसांत दुरुस्त झाली. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

चार कंपन्या असल्यामुळे दर तीन महिन्यांनी वेगळ्या कंपनीचा मोफत अहवाल काढता येतो, आणि आम्ही तसाच काढतो. आतापर्यंत तीन झाले. दादाच्या पैशांची ओळ त्यांत कधीच येणार नाही, म्हणून प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर ती मी पेनाने लिहितो. दरमहा ४,००० प्रमाणे आठ हप्ते गेले असून या वेळी तेथे २८,००० लिहिले आहेत, आणि शेजारी तिची सही आहे.