हृदयविकार आणि मानसिक आघात: अमेरिकेतील पोलीस कुटुंबांसाठीच्या दोन तरतुदी

कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसाच्या वारसांना एकरकमी मदत देणारा अमेरिकेचा संघीय कायदा 1976 चा. त्यात पुढे दोन मोठ्या तरतुदींची भर पडली. रक्कम सारखीच, फरक आहे तो पुराव्याचा.

2003 ची दुरुस्ती हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्यासाठी. त्रास ड्युटीवर असताना किंवा त्यानंतर 24 तासांच्या आत सुरू व्हायला हवा आणि त्याआधी नेहमीपेक्षा वेगळे, ताणाचे वा अंगमेहनतीचे काम झालेले असावे. दावा अडतो तो इथेच. टेबलावरचे कारकुनी काम यात बसत नाही. म्हणून त्या दिवसाची कॉल-नोंद, पाठलाग किंवा झटापटीचा अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल लगेच मिळवून ठेवावेत. कारण दुसरेच असल्याचा सक्षम वैद्यकीय पुरावा आला, तर मृत्यू कर्तव्यामुळेच झाला हे गृहीतक कोसळते.

2022 चा कायदा आत्महत्या आणि आघातोत्तर तणाव विकार (PTSD, म्हणजे भीषण अनुभवानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) यांना कक्षेत घेतो. आत्महत्येसाठी इथे 45 दिवसांचा एक निकष आहे, आणि ते दिवस मोजायचे ड्युटीवर पाहिलेली आघातकारी घटना संपल्यापासून: सामूहिक गोळीबार, भीषण मृत्यू, लैंगिक अत्याचाराचा गुन्हा. शिवाय कायमचे, पूर्ण अपंगत्व आलेला जिवंत अधिकारीही दावा करू शकतो. 2003 ची तरतूद फक्त मृत्यूपुरती आहे.

आमच्या मते दुसरा कायदा अधिक माणुसकीचा, पण त्याचा पुरावा जमवणे अवघड. उपचार लपवून घेतलेले असले की निदानाचा कागदच नसतो. घटनास्थळी हजर असल्याची लेखी नोंद त्याच आठवड्यात करून घ्यावी.