किल्लीच्या सेलचा ताजेपणा: मल्टिमीटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, आठ महिने वापरल्यावर

कारच्या रिमोट किल्लीसाठी आणलेला सीआर२०३२ सेल ताजा आहे की दुकानात पडून शिळा झालाय, हे नुसत्या मल्टिमीटरने कळत नाही. लिथियमच्या या सेलचा व्होल्टेज जवळजवळ आयुष्यभर ३ व्होल्टच्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी शेवटी धाडकन खाली येतो. कोरा सेल ३.२ ते ३.३ दाखवतो, पण बराच वापरलेलाही ३च्या आसपास दाखवून फसवतो. कारण मीटर सेलकडून करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. किल्लीचं बटण दाबलं की मात्र ट्रान्समीटर काही मिलिअँपियर ओढतो आणि शिळ्या सेलचा वाढलेला अंतर्गत रोध (सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा) तिथे उघडा पडतो.

म्हणून लोड देऊनच, म्हणजे सेलमधून थोडा करंट ओढूनच तपासायचं. पाव वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे) घ्या आणि त्याची दोन टोकं मीटरच्या दोन पिनांना गुंडाळा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. आधी रेझिस्टरशिवाय आकडा टिपून घ्या, मग रेझिस्टरसकट दोन सेकंद टेकवून दुसरा आकडा. साधारण ३० मिलिअँपियर जातात; २२० एमएएच (मिलिअँपियर-तास) क्षमतेच्या सेलमधून दोन सेकंदांत गेलेला हिस्सा धरण्याजोगा नाही. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा, १००ने गुणा: हा झाला अंतर्गत रोध. ३.२५ आणि २.८५ आले तर १४ ओहम, म्हणजे सेल उत्तम. ३.०५ आणि २.३० आले तर ३३ ओहम. असा सेल घड्याळात चालेल, किल्लीत नको. गणित नको असेल तर लोडवर २.७च्या वर टिकला की घ्यावा.

चुका बहुतेक हाताळणीतल्या. सेलची कडसुद्धा पॉझिटिव्हच असते. निगेटिव्हवर टेकवलेली पिन घसरून कडेला लागली की शॉर्ट. थंडगार सेलचा रोध जास्त येतो, तेव्हा फ्रिजमधून काढलेला लगेच मोजू नका. स्वस्त पिवळ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे फुगतात आणि मेलेला सेलही ताजा दिसतो, हा सगळ्यात छुपा घोळ. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू थर देतात. तो संपर्कात आडवा येतो. कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की काम होतं.

तारखेचा बाऊ मात्र फार केला जातो. चांगला सेल वर्षाला जेमतेम टक्काभर स्वतःहून उतरतो, त्यामुळे बंद पाकिटातला तीन वर्षांपूर्वीचा सेल खुशाल घ्यावा. टाळायचे ते वाटीत एकमेकांवर घासत पडलेले सुटे सेल, मग तारीख कालची का असेना. जादा सेल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणंही चूक. मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते.

सीआर२०३२ नाही म्हणून सीआर२०२५ देणारे दुकानदार भेटतातच. तो ०.७ मिलिमीटर पातळ, किल्लीत सैल बसतो आणि धक्क्याने संपर्क तुटतो. एलआयआर२०३२ तर नकोच: तो चार्ज होणारा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा.

सेल लोडवर पास झाला आणि तरी गाडी लांबून उघडत नसेल, तर किल्लीतली पत्री पट्टी बघा. कोकणातल्या दमट हवेत ती काळवंडते. खोडरबराने घासा आणि जरा वर उचला. सेल वारंवार उतरत असेल, तर चावीविना उघडणाऱ्या गाडीची किल्ली गाडीलगतच्या भिंतीवर टांगू नका. गाडीच्या सिग्नलने ती सारखी जागी होत राहते.

जुना सेल फेकण्याआधी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.