भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज: तिरकस गुणाकार की लसावि?

माझ्या भाचीच्या वहीत परवा २/५ + ३/७ = ५/१२ असे लिहिलेले सापडले. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक जुनीच; गंमत अशी की ५/१२ हा एकट्या ३/७ पेक्षाही लहान आहे, म्हणजे भर घालूनही बेरीज घटली. छेद समान केल्यावाचून गत्यंतर नाही, हे तिला तेवढ्यावरून पटले. ते कोणत्या रीतीने करावेत यावर मात्र आमच्या फोंड्याच्या घरात दोन पक्ष पडले: एक तिरकस गुणाकाराचा, दुसरा लसावीचा (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे सर्व छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या).

आईचा पक्ष तिरकस गुणाकाराचा, म्हणजे प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणायचे आणि खाली छेदांचा गुणाकार मांडायचा. वरच्या उदाहरणात १४ + १५ = २९, छेद ३५, आणि उत्तर २९/३५. ५ आणि ७ यांना १ शिवाय सामाईक अवयव नसल्यामुळे लसावीही ३५च येतो. तेव्हा तो वेगळा काढत बसण्यात काही हशील नाही.

५/१२ + ७/१८ मध्ये मात्र ही रीत महाग पडते. ९० + ८४ = १७४, खाली २१६, आणि मग ६ ने भाग दिल्यावर २९/३६. मुले २ ने भागून ८७/१०८ वर थांबतात ती इथेच. लसावि काढायचा तर मोठ्या छेदाचे पाढे म्हणत जावे: १८ ला १२ ने भाग जात नाही, ३६ ला जातो, म्हणून ३६; मग १५ + १४ = २९ आणि काम संपले. १/४ + १/६ + १/८ या तीन पदांत तर छेद १९२ ऐवजी २४ राहतो आणि उत्तर थेट १३/२४ मिळते.

लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त येते, हा आमच्या बंधुराजांचा दावा मात्र खरा नव्हे. १/६ + १/१० चे ८/३० होतात आणि त्याचे ४/१५ करावेच लागतात.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त या दोन्ही वाटा एकाच श्लोकात दिल्या असून सामाईक अवयवाने छेद आधी लहान करण्याची वाट बुद्धिमानांसाठी सांगितली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाव किलोवर अर्धा किलो सोले घेणाराही ‘पाऊण किलो’च म्हणतो, तिरकस गुणाकाराने येणारे सहा अष्टमांश कोणी म्हणत नाही.

निवड करायचीच असेल, तर पाढे कच्चे असलेल्या मुलाला मी लसावीच आधी शिकवीन, कारण त्यात आकडे लहान राहतात. छेदांना सामाईक अवयव नाही हे त्याला नजरेने ओळखता येऊ लागले की तिरकस गुणाकार द्यावा. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात जाणाऱ्याला हाच लसावि तिथे एलसीएम या नावाने भेटेल, एवढे मात्र त्याला आधी सांगून ठेवावे.